गुदगुल्या करणारा काप्पा

आमच्या ताकाओकात, काशाचं ओतकाम करणाऱ्यांच्या या शहरात, पेटीशिवाय वस्तूला कुणी विचारत नाही. तुम्ही काशात साक्षात चंद्र ओतून आणा, पण तो ठेवायला किरीच्या हलक्या लाकडाची पेटी नसेल आणि झाकणाच्या आतल्या अंगाला घडवणाऱ्याचं नाव शाईनं लिहिलेलं नसेल, तर दलाल वस्तू उलटीपालटी करून बघतो, गोड हसतो आणि चहा पिऊन निघून जातो. घडवणारा मेलेला असला तर त्याच्या गादीवर बसलेल्यानं लिहून द्यायचं, की हो बाबा, हे आमच्याच घरचं काम. सगळा बाजार त्या दोन ओळींवर चालतो. वस्तूकडे बघायची अक्कल असते कुणाला? झाकण मात्र सगळ्यांना वाचता येतं.

दोझान घराण्याची झाकणं योने लिहायची. नाव अर्थात तिचं नसायचं. तिचा नवरा ताकेजी हा तिसरा दोझान. मूळचा हिमीच्या कोळ्याचा पोर, योनेच्या बापाकडे, म्हणजे दुसऱ्या दोझानकडे, ओतकाम शिकायला आला आणि घरजावई झाला. आमच्याकडे घरजावयाला कुणी नाक मुरडत नाही, उलट घराचं नाव, गादी, शिक्का सगळं त्यालाच मिळतं. ताकेजीचा हात भट्टीवर सोन्यासारखा, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून गादीवर बसला त्या दिवसापासून झाकणं बायकोनं लिहिली. पुढं त्याला लकवा झाला, उजवा हात लुळा पडला, तरी गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. झाकणं पूर्वीसारखीच सुंदर येत राहिली. योनेची नजर अधू व्हायला लागली तसं तिनं ते वळण मुलीलाही शिकवलं. कायोको हुशार पोर, वर्षभरात आईच्या अक्षराशी अक्षर जुळवायला लागली. तिचाही नवरा घरजावईच, पुढचा दोझान तोच होणार होता.

हिवाळ्याच्या तोंडाला तोकुनागा नावाचा दलाल तोक्योहून आला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आमच्याच शहराच्या कलादालनात दुसऱ्या दोझानच्या कामाचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि तेही त्याच्या 'अखेरच्या खेळकर काळाचं'. हे नाव समीक्षकांनी पाडलेलं. म्हातारा आयुष्यभर ससाणे आणि आयाळ पिंजारलेले सिंह ओतत आला, मग साठीनंतर एकाएकी त्याच्या हातून हसरी भुतं कशी उतरायला लागली, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणी म्हणे युद्ध संपल्याचा आनंद. कुणी म्हणे ध्यानधारणेचं फळ. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि काशात ओतण्याआधी घडवायच्या मेणाच्या मूर्ती पोरगी करत होती, हे कुणाला सुचलं नाही. सुचणार कसं, घरातल्यांनी तोंडं शिवून घेतली होती.

तोकुनागानं रेशमी रुमाल सोडला आणि योनेनं चहाचा ट्रे तिथंच खाली ठेवला.

मूठभर उंचीचे दोन काप्पा. काप्पा म्हणजे आमच्या नद्यांतलं व्रात्य भूत, पाठीवर कासवाचं कवच, डोक्यावर पाण्यानं भरलेली बशी, काकडीसाठी जीव टाकणारं आणि कुस्तीवेडं. बशीतलं पाणी सांडलं की त्याची ताकद गेली. तर या दोघांची कुस्ती लागलेली. मोठा पैलवान पाय रोवून उभा, आणि धाकटा लबाड डाव टाकायचा सोडून त्याच्या काखेत बोटं घालून गुदगुल्या करतोय. मोठ्याचे गाल फुगलेत, हसू फुटायच्या बेतात आहे, आणि डोक्यावरचं पाणी एका बाजूला कललंय. काशातलं पाणी, पण आता ओघळेल असं वाटून माणूस नकळत हात पुढं करतो.

हे काप्पा केले तेव्हा योने सव्वीस वर्षांचीही नव्हती. बापानं सिंहासाठी काढून ठेवलेल्या मेणातून तिनं चोरून हे केलं होतं आणि पकडली गेली होती. बापानं ते हातात घेतलं, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटं फिरवली. बोटं काखेपाशी थांबली. हे काय, त्यानं विचारलं. गुदगुल्या, ती म्हणाली. बापानं बोटं पुन्हा एकदा तिथंच फिरवली. मग भट्टीवरच्या माणसांना म्हणाला, ओता, आणि माझी सही घाला. झालं. घर चालायला हवं होतं, ससाणे आता होत नव्हते. त्यानंतर बाप मरेपर्यंत योनेच्या हातून नाना तऱ्हेची भुतं उतरली, पतंग उडवणारी, एकमेकांची नाकं ओढणारी, साकेच्या बुधल्यात अडकून बसलेली. आणि बाप मेला तसे तिचे हातही मेले. मेलेल्या माणसाचं नवं काम निघत नसतं. तिसरा दोझान फुलदाण्यांसाठी नावाजलेला, त्याच्या नावावर भुतं कशी खपवणार?

बाकीच्या मूर्तींचं योनेला एवढं काही नव्हतं. गेल्या त्या गेल्या. पण ही पहिली, आणि हिच्यावरून तिचं लग्न जमलं होतं. काशाला रंग चढवण्याआधी त्याला किसलेला मुळा चोळतात. मागच्या पडवीत ती आणि ताकेजी कोपरापर्यंत मुळ्यात हात घालून बसले होते, आणि हे काप्पा त्याच्या हातात होते. त्यानं ते उलटसुलट फिरवले, एकदम खो खो हसला आणि म्हणाला, योनेसान, मी गादीवर बसलो ना, की या मूर्तीची पेटी परत मागवीन आणि झाकणावर तुझं नाव घालीन. तिला आणखी दोन बरी स्थळं आली होती. एक तर औषधाच्या व्यापाऱ्याचं होतं. तिनं हा कोळ्याचा पोर पत्करला तो त्या एका वाक्यावर. मूर्ती मात्र विकली गेली ती परत कधी दिसली नाही, आणि नसलेल्या वस्तूसाठी नवऱ्याशी काय भांडणार? ती वाट बघत राहिली.

आता ती मूर्ती समोर होती. जुनी पेटी कुठल्याशा आगीत गेली होती. तोकुनागानं नवी कोरी पेटी करून आणली होती आणि तिसऱ्या दोझाननं झाकण लिहून द्यावं अशी त्याची नम्र विनंती होती.

ताकेजी बाहीच्या आत हात लपवून बसला होता. लिहितो, तो म्हणाला, आतल्या खोलीत बसून लिहितो, मला लोकांसमोर जमत नाही. तोकुनागापुढं त्यानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे ठेवायला लावले आणि आत आला. मागून योने आली. कायोको आधीच शाई उगाळत बसली होती.

"वरती लिही, गुदगुल्या," ताकेजी हळू आवाजात म्हणाला. "आत, दुसरे दोझान यांनी घडवले. खाली माझं नाव आणि शिक्का."

योनेनं वरचं लिहिलं. झाकण उलटं केलं आणि कुंचला टेकवला नाही.

"अहो, ही ती आहे."

"कोणती?"

"तुम्ही म्हणाला होता ती."

"म्हणालो असेन. मुळा किसता किसता माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

मुळ्याचं नाव तिनं काढलंच नव्हतं. म्हणजे सगळं लक्षात होतं मेल्याच्या, इतकी वर्षं, अगदी मुळ्यासकट. योनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते रागानं आलं.

ती म्हणाली, मला सगळ्या नकोत, ही एकच हवी. ताकेजी तिला समजावायला लागला, आणि तो वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. एकीवर तुझं नाव आलं, की लोक दुसरी उचलून विचारतील ही कुणाची. मग तिसरी. मग प्रदर्शन कशाचं आणि कौतुक कुणाचं. भट्टीवरच्या माणसांनी काय खायचं? आणि शेवटी अगदी मायेनं म्हणाला, "तुझ्या बापाचंच नाव आहे ना? परक्याचं तर नाही."

"बापाचं आहे. माझं नाही."

"योने, तोकुनागा बाहेर बसलाय."

"बसू दे. भात खातोय तो."

आणि तिनं लिहिलं. योने हिने घडवले. खाली नेहमीसारखं नवऱ्याच्या नावानं, तिसरे दोझान, साक्ष. शिक्का उचलला आणि दाबला. स्वतःचं नाव तिनं शाईनं पेटीवर कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळं ते तिला जरा बुटकं आणि अनोळखी वाटलं, पण होतं तिचंच.

ताकेजी झाकणाकडे बघत राहिला. डाव्या हातानं ते हिसकावून घेता आलं असतं. त्यानं घेतलं नाही. "शाई वाळू दे," एवढंच म्हणाला. कायोकोनं मान खाली घालून शाईची शिळा पुसली.

बाहेर तोकुनागानं झाकण दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. अक्षर नेहमीसारखंच देखणं, तो ताकेजीला म्हणाला, आणि सगळं नीट रुमालात बांधून उठला. ताकेजीनं कायोकोला हाक मारली. बर्फ वाढलाय, छत्री घे आणि साहेबांना गाडीपर्यंत पोचवून ये. कायोको गेली ती बराच वेळ आली नाही. रस्ता निसरडा होता, आल्यावर ती म्हणाली.

योनेला वाटलं, झालं. इतकी वर्षं जो डोंगर वाटत होता तो डोंगर नव्हताच, कुणीतरी नुसतं लिहायला हवं होतं. दलाल गप्प बसला म्हणजे त्यानं मान्य केलं. नवरा गप्प बसला म्हणजे त्यानं शब्द पाळला. आयुष्यभर गप्प बसणाऱ्यांच्या घरात राहून बाईला एवढं कळू नये? पण माणसाला जे हवं असतं ते गप्प बसण्यात ऐकू येतं, त्याला काय करणार.

त्या हिवाळ्यात ती जरा वेड्यासारखीच वागली. बुरी मासा महाग म्हणून दरवर्षी शेपटीकडचा तुकडा घेणारी बाई, यंदा पोटाकडचा घेऊन आली. नवऱ्याला स्वतःच्या हातानं घास भरवताना त्याची चेष्टा करायला लागली, तिसरे दोझान, तोंड उघडा. ताकेजी तोंड उघडायचा आणि दुसरीकडे बघायचा. सकाळी देव्हाऱ्यापुढं भाताची वाटी ठेवताना ती बापाच्या फोटोला म्हणाली, बाबा, एक मी परत घेतली हो, रागावू नका, बाकी सगळ्या तुमच्याच. लग्नातला करडा किमोनो काढून तिनं उन्हात टाकला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, काय गं, कुणाचं लग्न? ती नुसती हसायची. म्हणायची, प्रदर्शनाला या, मग कळेल.

प्रदर्शनाच्या दिवशी ताकेजीनं पाय दुखतोय म्हणून यायचं टाळलं. जावई तिकडे पाहुण्यांच्या सरबराईत. योनेला घेऊन कायोको आली. कलादालन माणसांनी भरलं होतं, आणि प्रत्येक काचेपुढं कुणी ना कुणी हसत होतं. ती आपल्या भुतांना एकेक करून भेटत गेली. अगं बाई, हा पतंगवाला, याच्या शेपटीनं तिला रडवलं होतं. 'गुदगुल्या' ही मूर्ती अगदी मधोमध मांडली होती, आणि शेजारी काळ्या मखमलीवर झाकण उलटं करून ठेवलं होतं, वाचता यावं म्हणून.

दुसरे दोझान यांनी घडवले. तिसरे दोझान, साक्ष. खाली लाल शिक्का.

तिला वाटलं डोळ्यांनी दगा दिला. चष्मा पुसून तिनं पुन्हा वाचलं. झाकण तेच होतं, कडेला तीच तपकिरी शीर. पण किंचित पातळ झालं होतं. किरीचं लाकूड मऊ, वरून एकदा रंधा फिरवला की शाई भुशाबरोबर निघून जाते, लाकूड पुन्हा कोरं. आणि अक्षर तिचं होतं, पण तिचं नव्हतं. 'झान'चा शेवटचा फराटा ती जिथं थांबवायची तिथं थांबला नव्हता, थोडा पुढं घरंगळला होता. ही चूक तिनं शेकडो वेळा हात धरून सुधारली होती. शेवटपर्यंत सुधारली नव्हती.

"तू," योने म्हणाली.

कायोकोनं नाही म्हटलं नाही. तिनं आईला खांबाआड नेलं आणि हलक्या आवाजात, पण भराभरा सांगून टाकलं, जणू कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं. तोकुनागासाहेब गाडीपर्यंतही पोचले नव्हते. म्हणाले, आईसाहेबांचं वय झालंय, आपण काही करू शकू का? झाकण त्यांनी तिच्याच हातात दिलं, दुसऱ्या दिवशी तिनं ते पेटीवाल्याकडून रंधा मारून आणलं आणि लिहून, शिक्का मारून परत दिलं.

"आणि तुझ्या बाबांना माहीत होतं?"

"बाबांनी मला छत्री देऊन उगीच पाठवलं का?"

योने खांबाला टेकली. नवऱ्याच्या तोंडात घातलेले सगळे घास तिला आठवले.

"एक नाव होतं गं," ती म्हणाली. "एकच. तू माझी मुलगी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजले असते."

"दुसऱ्या कुणाला तुझं अक्षर येत नाही."

"मला विचारलं असतंस."

"तू कधी मला विचारलंस?" कायोकोचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि तिनं तो लगेच दाबला. "गेल्या वर्षी तोक्योला यांना बक्षीस मिळालं, ते तेंगूचं पिल्लू. कुणी केलं होतं ते?"

लांबलचक नाकाला हिसका देत अंड्यातून बाहेर येणारं ते डोंगरातल्या भुताचं पिल्लू योनेनं ओळखलं होतं. मेणात बोटं कुणाची फिरलीत हे तिच्यापासून कोण लपवणार? आणि त्याचं झाकण लिहिलं होतं कुणी? तिनंच. जावयाच्या नावानं, दोन चांगल्या रेखीव ओळी, कुंचला जराही न अडखळता. त्या दिवशी कायोको अशीच शेजारी बसून शाई उगाळत होती. तेव्हा पोरीनं एकदा वर बघितलं होतं, आणि योनेनं म्हटलं होतं, शाई पातळ झाली, जरा दाट कर.

"मी म्हटलं, असंच असतं," कायोको म्हणाली. "आई मागत नाही, मग मीही मागायचं नसतं. आणि मग तू माझ्यादेखत उठलीस आणि स्वतःचं लिहून मोकळी झालीस. फक्त स्वतःचं."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. खांबापलीकडे माणसं हसत होती. योनेला मुलीच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि यातलं काहीच तिच्या हातून झालं नाही. आमच्याकडे चारचौघांत असलं काही करत नाहीत.

तेवढ्यात कलादालनाच्या बाई तिला शोधत आल्या. चला ना, सगळे थांबलेत, दुसऱ्या दोझानची एकुलती एक लेक आपल्यात आहे, दोन शब्द बोललेच पाहिजेत. योनेला गुदगुल्यांच्या काचेशेजारी उभं केलं. गल्लीतल्या बायका पहिल्या रांगेत होत्या, नटूनथटून, कसलंसं गुपित कळणार म्हणून आलेल्या. मागं तोकुनागा उभा होता, हात जोडून, अतिशय अदबीनं. त्याच्या शेजारी कायोको. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, आणि योनेला एकदम कळलं की पोरगी घाबरली आहे. एवढी मोठी बाई, पण लहानपणी फुलदाणी फोडली तेव्हा दिसत होती तशीच.

बाईंनी विचारलं, तुमचे वडील घरी कसे होते हो? अशी लोभस भुतं करणारा माणूस म्हणजे दिवसभर हसत-हसवत असेल.

सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि तिनं ते कायोकोकडे बघत बघत गिळलं.

"हो," योने म्हणाली. "बाबा फार खेळकर होते. आम्ही त्यांना जन्मात कधी हसताना पाहिलं नाही, पण होते मात्र फार खेळकर."

लोकांना तो विनोदच वाटला. सगळं दालन खळखळून हसलं, गल्लीतल्या बायका हसल्या, तोकुनागा तोंडावर हात धरून हसला, आणि मग, जरा उशिरानं, कायोकोही हसली.